भुताची वडी आणि साष्टीची भट्टी

ऑक्टोबर संपत आला की बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील केकच्या दुकानांत अलीकडे काळ्या चौकोनी वड्यांची रांग दिसू लागते. वडीवर पांढऱ्या साखरेचे भूत, त्याला चॉकलेटच्या ठिपक्यांचे डोळे. कुठे कोळ्याचे जाळे, कुठे नारिंगी भोपळा. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी केलेल्या या ब्राउनी. पुष्कळ मुले त्या आता घरीच करतात, आणि मग वर्गात दोन प्रश्न येतात. हे काय आहे? आणि हे आपण का करायचे? दुसऱ्या प्रश्नावर मोठी माणसे लगेच हमरीतुमरीवर येतात, म्हणून तो तूर्त बाजूला ठेवू. पहिला प्रश्न थोडा बदलून असा विचारता येईल: ही वडी आपल्या स्वयंपाकघरात भाजली जाण्याआधी काय काय घडावे लागले? त्याचे उत्तर शोधताना आपल्याला याच उपनगरांचा, म्हणजे जुन्या साष्टी बेटाचा, बराच इतिहास हाती लागतो.

आधी सणाविषयी थोडेसे. आयर्लंड-स्कॉटलंडमधील केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या रात्री ‘साविन’ नावाचा सण पाळत. त्या रात्री मृतांचे आत्मे फिरतात अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला, आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील क्लूनी मठाच्या ओडिलो या मठाधिपतीने २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा घालून दिली. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. आयर्लंडमध्ये या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तेथून अमेरिकेत गेलेल्या लोकांना मोठा, मऊ आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला आणि सलगम मागे पडला. आपल्याकडे अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकाला लाल भोपळ्याची भाजी लागतेच. दोन दूरच्या प्रदेशांत पितरांशी भोपळाच जोडला जावा हा योगायोग मुलांना सांगण्यासारखा आहे.

भुताखेतांचे सोंग उपनगरांत नवे असले तरी त्यामागचा २ नोव्हेंबर येथे जुना आहे. डिसेंबर १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगिजांकडे गेली, आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी ती घेईपर्यंत दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिली. त्या काळात येथील कोळी, कुणबी, भंडारी अशा अनेक जातींतील लोक ख्रिस्ती झाले. त्यांच्या वंशजांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्यांच्या घरची बोली मराठीचीच आहे. मरोळ, आंबोली, कुर्ला, बोरिवली येथील त्यांच्या दफनभूमींत २ नोव्हेंबरला थडगी स्वच्छ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्यात भीतीचा भाग नसतो. आपल्या सर्वपित्री अमावस्येत तो कुठे असतो?

भीती हवी असेल तर अंधेरीत एक जागा आहे. सीप्झच्या औद्योगिक वसाहतीच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट या १५७९ साली बांधलेल्या चर्चचे अवशेष उभे आहेत. तेथे भुते असल्याच्या कहाण्या सांगितल्या जातात. खरी हकिकत अशी की १८४० मध्ये गावात साथ आली, माणसे मेली आणि उरलेली वस्ती मरोळला हलली. त्या काळी रोगजंतूंची कल्पना नव्हती. ओसाड गाव आणि छप्पर नसलेले चर्च एवढे मागे राहिले की भुताची गोष्ट आपोआप तयार होते.

आता वडीकडे वळू. ब्राउनी भाजायला चारही बाजूंनी सारखी उष्णता देणारी बंद जागा लागते. आपल्या जुन्या स्वयंपाकघरात तव्यावर भाजणे, कढईत तळणे, मोदकपात्रात उकडणे, निखाऱ्यात खरपूस करणे हे सारे होते. बंद भट्टी नव्हती. साष्टीत ती आणली पोर्तुगिजांनी, आणि तिच्याबरोबर ‘पाव’ हा शब्दही. पायांनी मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती गमतीची पण खोटी आहे. पोर्तुगीज भाषेत ब्रेडलाच तसे म्हणतात.

भट्टी आली तरी पीठ फुगवायचे कसे? युरोपात दारू गाळणाऱ्यांकडून किंवा शिळ्या आंबोणातून यीस्ट मिळे. येथे ते काम ताडामाडाच्या रसाने केले. झाडावरून उतरवलेल्या ताज्या रसात, म्हणजे नीरेत, दहा ते पंधरा टक्के साखर असते. हवेतील आणि मडक्याला चिकटलेले यीस्ट काही तासांतच त्या साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते. अशी फसफसती ताडी किंवा माडी पिठात घातली की हा वायू गव्हातील ग्लुटेनच्या चिवट जाळ्यात अडकतो आणि गोळा फुगतो. गोव्याच्या पोदेरांनी ही रीत पुढे दीर्घकाळ चालवली. ईस्ट इंडियन घरांत मात्र प्रत्येकाकडे भट्टी कुठली असणार! त्यांनी ताडीने आंबवलेल्या पिठाचे लहान गोळे तेलात सोडले. त्या ‘फुग्या’ आजही त्यांच्या लग्नकार्यात असतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे नेहमी दिसते: लोक नवा पदार्थ उचलतात आणि नसलेल्या साधनाच्या जागी घरातले साधन बसवतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ब्राउनीच्या बाबतीतही तेच घडले.

ताडी ही नुसती आंबवण नव्हती, ती महसुलाचीही बाब होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडे छेदायला परवाना आणि कर लागला. नंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तोपर्यंत कारखान्यात तयार होणारे यीस्ट बाजारात आलेले होते आणि पावाचे ताडाशी असलेले नाते मुंबईत तुटत गेले.

या साऱ्या काळात साष्टीच्या इतर घरांत भट्टीचा पदार्थ का शिरला नाही? एक कारण इंधन. पोकळ विटांची खोली तापवायला जेवढे सरपण लागते तेवढ्यात एका कुटुंबाचा कित्येक दिवसांचा स्वयंपाक होतो, म्हणून भट्टी ही स्वभावतःच सामाईक वस्तू आहे. दुसरे कारण विटाळ. पाव भाजणारे ख्रिस्ती किंवा मुसलमान. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवली, ही कथा वसई-गोव्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाई. ती कितपत खरी हा भाग वेगळा. पावाचा घास म्हणजे धर्म बुडाला, एवढा धाक तिच्यात होता.

हा धाक किती काळ टिकला याचा पुरावा पुण्यात आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कुणी घेतले, कुणी नुसते पुढे ठेवू दिले. बोलावण्यामागे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी होते आणि त्यांनीच उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली. त्यावरून जे ग्रामण्य उठले ते शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि रानडे व टिळक या दोघांच्याही वाट्याला प्रायश्चित्त आले. एका बिस्किटासाठी! आज त्याच समाजातील घरांत दहा वर्षांची मुलगी अंडी फेटून ब्राउनी भाजते आणि आजी तिला साखर चाळून देते. मधल्या एका शतकात काय झाले ते आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसे सापडत नाही.

एक झाले ते रसायनशास्त्रात. यीस्ट हा जीव आहे; त्याला वेळ लागतो, ऊब लागते. बर्मिंगहॅमचा औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड याच्या पत्नीला यीस्ट आणि अंडी दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्याने १८४३ मध्ये खाण्याचा सोडा आणि एक कोरडे आम्ल एकत्र करून बेकिंग पावडर बनवली. ओली झाली की आम्ल आणि सोडा यांची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. तासन् तास आंबवण्याचे काम काही मिनिटांवर आले. आपल्याकडे पापडखार आणि सोडा माहीत होतेच, त्यामुळे हे तंत्र भारतीय गृहिणीला परके वाटले नाही. ताडीला वास आणि जात होती. सोड्याला दोन्ही नव्हते.

दुसरे, बिस्किट स्वदेशी झाले. १९२९ मध्ये चौहान कुटुंबाने विलेपार्ल्याला गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना काढला आणि १९३९ पासून तेथे बिस्किटे होऊ लागली. ही कारखान्याची जागा २०१६ मध्ये बंद पडेपर्यंत पार्ले-अंधेरी दरम्यान लोकलच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला भाजक्या साखरेचा वास येई. यंत्राने केलेले, कागदात गुंडाळलेले बिस्किट कुणाच्या हातचे, हा प्रश्न विचारायची सोयच राहिली नाही.

तिसरे म्हणजे नानकटाई. उपनगरांत वाढलेल्या पन्नाशीपुढच्या वाचकांना हे आठवेल. सुटीत किंवा दिवाळीच्या आधी घरी मैदा, पिठीसाखर आणि तूप मळायचे, डबा डोक्यावर घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचे, तेथल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे आणि किलोमागे भाजणावळ देऊन गरम नानकटाई घेऊन परतायचे. पहाटेचे पाव निघाल्यावरही भट्टीच्या जाड विटा कित्येक तास तापलेल्या असतात. त्या उरलेल्या उष्णतेवर शेजारपाजारची नानकटाई होई. पीठ घरचे, विस्तव इराणी, गोवेकर किंवा उत्तर प्रदेशातील मुसलमान भटारखान्याचा. पंचहौदचा वाद मिटवायला कुणी सभा घेतली नाही. तो ट्रेवर मिटला असे मला वाटते.

ब्राउनी या साऱ्यांहून धाकटी. १८९३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले. (विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.) तेथील पामर हाऊस हॉटेलचे म्हणणे असे की मालकीणबाई बर्था पामर यांनी प्रदर्शनाला येणाऱ्या स्त्रियांच्या डब्यात नेता येईल, हात बरबटणार नाहीत, असा केक करायला सांगितले आणि अक्रोड घातलेली ही चॉकलेटची वडी तयार झाली. फॅनी फार्मर यांच्या पाकपुस्तकात १८९६ साली ‘ब्राउनी’ हे नाव आहे, पण त्यात चॉकलेट नाही, काकवी आहे. चॉकलेटची ब्राउनी त्या पुस्तकाच्या १९०६ च्या आवृत्तीत येते. नावाचा उगम बहुधा रंगात असावा. मात्र स्कॉटलंडच्या लोककथांत ‘ब्राउनी’ नावाचे एक घरभूतही आहे. ते रात्री घरातील कामे करते आणि त्याच्यासाठी चुलीजवळ दूध-सायीची वाटी ठेवतात. तळकोकणातील राखणदाराचा हा दूरचा भाऊच. तेव्हा भुताचे चित्र काढलेली ब्राउनी म्हणजे भुतावर भूत झाले.

ब्राउनी नवशिक्याला जमते, याचे कारण तिच्या प्रमाणात आहे. साधारण ६० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कोको, १०० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर आणि दोन अंडी. मैद्याच्या तिपटीहून अधिक साखर! साखर पाणी ओढून धरते, लोणी पिठाच्या कणांना वेढते, त्यामुळे ग्लुटेनचे जाळे नीट बनतच नाही. पाव फुगला नाही तर फुकट गेला. ब्राउनीला फुगायचेच नसते. वरचा पातळ चकचकीत पापुद्रा अंड्यात विरघळलेली साखर वर येऊन सुकल्याने होतो. घाटकोपर-मुलुंडच्या अनेक गुजराती आणि जैन घरांत अंडे चालत नाही. तेथे आटवलेले गोड दूध आणि सोडा यांवर भागवतात. दूध बांधून ठेवते आणि सोडा हलकेपणा देतो. बर्डसाहेबांच्या पत्नीची अडचण दीडशे वर्षांनी घाटकोपरात उपयोगी पडली.

उष्णतेचाही फारसा हट्ट नसल्यामुळे ओव्हनवाचूनही काम होते. मुंबईत १९५५ पासून गॅसच्या टाक्या मिळू लागल्या आणि प्रथमच घरात मंद, स्थिर आंच हाताशी आली. मग लोकांनी फुग्यांचीच युक्ती केली. जुन्या कुकरच्या तळाशी मीठ किंवा वाळू पसरायची, शिटी आणि रबरी रिंग काढून ठेवायची (ही काळजी अवश्य घ्यावी, दाब मुळीच साठता कामा नये), दहा मिनिटे तापवून आत जाळीवर भांडे ठेवायचे. वाळूमुळे तळाला थेट चटका बसत नाही आणि उष्णता सावकाश, सारखी मिळते. पाऊणेक तासात ब्राउनी होते. आतला भाग ओला असेपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या वर फारसे जात नाही. म्हणजे ब्राउनीचा काळेपणा करपण्याचा नव्हे, कोकोचा.

त्या काळेपणालाही इतिहास आहे. हॉलंडच्या व्हान हौटेन पितापुत्रांपैकी पित्याने १८२८ मध्ये कोकोतील चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. मुलाने कोकोवर अल्कलीची प्रक्रिया सुरू केली. मूळ कोको किंचित आम्लधर्मी आणि फिकट तांबूस असतो. अल्कलीने त्याचा सामू वाढतो आणि रंग गडद होतो. वर्गात हे दाखवता येते. कोमट पाण्यात साधा कोको कालवून दोन पेल्यांत ओता आणि एकात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. थोड्या वेळाने दोन्ही शेजारी धरा. डब्यावर ‘आम्लता नियामक ५००’ किंवा ‘५०१’ असे छापले असेल तर त्या कोकोवर ही प्रक्रिया आधीच झालेली असते, आणि फरक दिसणार नाही.

सजावटीत काळ्यावर पांढरे हीच खरी गंमत. मराठी माणसाला ती नवी नाही. एरवी सणासुदीला अशुभ मानलेला काळा रंग संक्रांतीला चालतो आणि काळ्या चंद्रकलेवर पांढऱ्या हलव्याचे दागिने शोभतात. हलवा करणाऱ्या बाईचा हात ज्याने पाहिला आहे त्याला साखरेचे भूत कठीण वाटू नये. अडचण आहे ती हवेची. मुंबईत ऑक्टोबरमध्ये दुपारचे तापमान ३३-३४ अंशांवर जाते, आणि लोणी व कोकोची चरबी नेमकी त्याच्या आसपास वितळते. लोण्याच्या क्रीमचे भूत दुपारी दोनपर्यंत डबक्यात रूपांतरित होते. अंड्याच्या पांढऱ्यात पिठीसाखर घोटून केलेले आइसिंग किंवा काजूचे मार्झिपान टिकते. गोवेकर आणि ईस्ट इंडियन घरांत नाताळ-ईस्टरला मार्झिपान करतात ते या हवेला साजेसेच आहे.

नारिंगी भोपळ्याबाबत मात्र जपून. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या पर्किनने डांबरातून जांभळा रंग काढला आणि त्या पाठोपाठ शेकडो कृत्रिम रंग आले. त्यांतील मोजकेच खाण्यात चालतात आणि तेही ठरलेल्या मर्यादेत. भारतात खाद्यपदार्थांत नारिंगी रंगाच्या सनसेट यलोला दहा लाख भागांत शंभर भागांची मर्यादा आहे. मेटॅनिल यलो हा रंग तर निषिद्धच, तरी तो मिठाईत सापडत आला आहे. संशयित रंगाच्या द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर ते किरमिजी झाले तर तो असल्याचा संशय बळावतो; हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. घरी उकडलेल्या लाल भोपळ्याचा घट्ट आटवलेला गर पिठीसाखरेत मिसळला तर रंग फिकट येईल, पण भोपळा खराखुरा असेल.

या वड्या आता उपनगरांतील घरोघरच्या विजेच्या ओव्हनमध्ये होत आहेत, आणि नेमक्या याच वेळी कोपऱ्यावरच्या भट्टीचे भवितव्य टांगणीला लागले आहे. मुंबईच्या हवेतील प्रदूषणाच्या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. आदेशामागील विज्ञानाशी भांडता येणार नाही. बेकऱ्यांत जळते ते बहुधा मोडक्या फर्निचरचे आणि खोक्यांचे स्वस्त लाकूड. त्यावरील रंग-रोगणासकट त्याचा धूर दाट वस्तीत, माणसांच्या नाकाच्या उंचीवर पसरतो, आणि सर्वांत आधी तो भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत जातो. पण विटांची भट्टी पाडून नवा ओव्हन बसवायला भांडवल लागते, आणि लहान बेकरीवाल्याने ते कुठून आणायचे याचा विचार आदेशाइतक्याच तातडीने व्हायला हवा होता. शिवाय पत्र्याच्या पातळ ओव्हनला विटांसारखी उष्णता साठवून ठेवता येत नाही. विस्तव बंद केला की तो निवतो, आणि शेजाऱ्याच्या ट्रेसाठी उरलेली उष्णता उरत नाही.

यंदा मुलांनी हॅलोविनची ब्राउनी केली तर त्याच आठवड्यात त्यांना घराजवळच्या बेकरीत पाठवावे. भट्टी कशावर चालते, कधीपासून आहे, आधी काय जाळत, आणि अजून कुणी घरचे पीठ भाजायला आणते का, एवढे चार प्रश्न विचारायचे. आपल्या ओव्हनवर लिहिलेले वॉट आणि ब्राउनीला लागलेली मिनिटे यांवरून एका वडीला किती वीज लागली ते काढायचे, आणि बेकरीत दिवसाला किती पाव निघतात व किती इंधन लागते ते विचारून एका पावाचा हिशेब त्याशेजारी मांडायचा.